सायकलला मागचं कॅरिअर कसं बसवायचं आणि त्यावर सामान कसं लादायचं

पाठीवर सॅक घेऊन रोज सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पाठ ओलीचिंब, खांदे भरून आलेले, आणि सीटवर बूड जास्त दुखतं कारण सॅकचं वजन शेवटी तिथंच येतं. तेच आठ-दहा किलो मागे कॅरिअरवर टाकलं की अंग एकदम मोकळं होतं. मी पुण्यात सात वर्षं कॅरिअर लावून फिरतोय, ऑफिसची बॅग, मंडईतली भाजी, गिरणीतलं दळण, आणि वर्षातून एकदा कोकण, सगळं त्याच्यावरच. या सात वर्षांत कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: वजन कॅरिअरचं लोखंड पेलत नाही, चार बोल्ट पेलतात, आणि त्यातही खालचे दोन. कॅरिअर भारीतलं घेतलं आणि बोल्ट कसेतरी बसवले तर पैसे पाण्यात.

आधी हे कॅरिअर वेगळं बसवायची वेळच यायची नाही. काळी हीरो नाहीतर ॲटलस घरी यायची ती कॅरिअर, स्टँड, मडगार्ड सगळं लावूनच, आणि दळणाचा डबा, दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, डबलसीट बसलेला भाऊ असं सगळं त्या कॅरिअरनं वाहिलं. आता गिअरची सायकल घेतली की मागं नुसतं चाक दिसतं. म्हणून हे सगळं स्वतः शिकून घ्यायचं.

पहिलं काम : सायकलच्या मागं उकिडवं बसून भोकं शोधा

दुकानात जायच्या आधी हे करा. मागच्या चाकाचा एक्सल जिथं फ्रेममध्ये बसतो त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, आटे पाडलेलं एकेक भोक आहे का बघा. मग सीटच्या खाली, जिथून दोन नळ्या मागच्या चाकाकडे उतरतात, तिथं वरच्या टोकाला अशीच दोन भोकं आहेत का बघा. कधीकधी त्यात छोटे स्क्रू किंवा प्लास्टिकची बुचं असतात म्हणून ती दिसत नाहीत, नखानं खरवडून बघा. ही चार भोकं असली तर तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे.

ही भोकं बहुतेक सायकलींना एम ५ मापाची असतात, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट. पाण्याच्या बाटलीचा पिंजरा ज्या बोल्टनं बसवतात ना, तोच एम ५. हे लक्षात ठेवा, पुढं याचा किस्सा सांगणार आहे. पिंजऱ्याचा एक बोल्ट काढून या भोकात हातानं फिरवून बघा, गुळगुळीत गेला तर माप तेच. अडला तर जोर लावू नका, बऱ्याचदा आत रंग साचलेला असतो, तेलाचा थेंब टाकून पुढं-मागं फिरवत न्या, तरीही नाही गेला तर सायकलवाल्याकडून एम ५ चा टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, मारून घ्या, दोन मिनिटांचं काम असतं.

वरची दोन भोकं नसतील तरी फार बिघडत नाही. सीट घट्ट करायची जी कॉलर असते तीच दोन भोकंवाली मिळते, ती बदलायची. मात्र माप बरोबर घ्यायचं, कॉलर ज्या नळीवर बसते तिची बाहेरची जाडी मोजायची, साधारण २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटर यातलं एक निघतं. किंवा पी क्लॅम्प वापरायचे, म्हणजे इंग्रजी पी अक्षरासारखी वाकवलेली पत्र्याची पट्टी, आतून रबर लावलेली, ती नळीभोवती गुंडाळून बोल्ट मारायचा. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा एक वेढा दिला की घसरत नाही आणि रंगही खरडत नाही.

खालची दोन भोकं नसतील तर मात्र विचार करा. खाली पी क्लॅम्प लावून भागवता येतं, पण सगळा भार उभा खाली येतो आणि क्लॅम्प हळूहळू सरकत जातो, त्यामुळे टिफिन, रेनकोट, लॅपटॉप एवढंच. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, आवळायचं कॅरिअरही मिळतं, त्याच्यावर साधारण दहा किलोच्या आतलंच सामान, आणि ते गोल नळीवर असल्यामुळे वळणावर डावीउजवीकडे फिरायला बघतं. फ्रेम किंवा सीटपोस्ट कार्बनची असेल तर तिच्यावर असलं काहीही आवळू नका, कार्बनला असा दाब सोसत नाही, आतून तडा गेला तर बाहेरून कळतही नाही.

जुन्या धाटणीच्या देशी सायकलीचं गणित वेगळं. तिथं कॅरिअरचे खालचे पाय थेट एक्सलवर नटखाली येतात आणि वर सीटच्या बोल्टला पट्टी. हे सगळ्यात दणकट, पण नट सैल केला की चाक हलतं, म्हणून परत आवळताना चाक दोन्ही बाजूंनी मध्ये आहे का आणि चेन अर्धा इंच खेळते का हे बघूनच शेवटचा पाना मारा. तुमचं चाक खटका उघडून निघणारं असेल तर त्याच्या एक्सलवर हे कॅरिअर टांगता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका.

कॅरिअर कोणतं

दोन प्रकार, लोखंडी आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचं हलकं, गंजत नाही, रोजच्या वापराला छान. पण लांब फिरायला जाणार असाल तर माझं मत लोखंडीला, कारण लोखंड तुटलं तर कुठल्याही गावात ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वेल्डिंग करणारा असतो, तो दहा मिनिटांत टाका मारून देतो, ॲल्युमिनियमला त्याच्याकडे इलाज नसतो.

किती किलोचं आहे ते कॅरिअरवरच छापलेलं किंवा कोरलेलं असतं, बहुतेक चांगली कॅरिअर २५ किलोची असतात. हा आकडा नीट वाचा, कारण २५ किलो म्हणजे माणूस नाही. काळ्या सायकलीच्या आठवणीत कुणीतरी ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर डबलसीट बसतं आणि ते कॅरिअर एका खड्ड्यात वाकतं. आणि लहान मुलाला कॅरिअरवर नुसतं बसवू नकाच, पाय लोंबकळतो आणि चाकाच्या आऱ्यांमध्ये जातो, टाचेला फार वाईट जखम होते. मुलासाठी पट्टे आणि पाय ठेवायला जागा असलेली सीट घ्यायची, आणि ती या कॅरिअरवर चालते का हे त्या सीटच्या माहितीत बघून मगच.

अजून दोन गोष्टी दुकानात हात लावून बघा. बाजूला पॅनिअर, म्हणजे दोन्हीकडे लटकणाऱ्या बॅगा, लावणार असाल तर वरच्या फळीच्या खाली एक वेगळी आडवी दांडी असलेलं कॅरिअर घ्या, बॅगेचे हूक तिच्यावर बसतात आणि वरची जागा मोकळी राहते. आणि डिस्क ब्रेकची सायकल असेल तर डाव्या बाजूचा पाय ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चकती चिमटीत धरणाऱ्या भागाला, अडतो का बघा. डिस्कसाठी बनवलेल्या कॅरिअरचे पाय बाहेरून वळसा घेऊन येतात, शक्य असेल तर तेच घ्या, नाहीतर पुढं वायसरच्या चळती लावायची वेळ येते, आणि तिथंच माझा घात झाला होता.

वायसरची चळत

माझं पहिलं कॅरिअर मी एका दुकानातून बसवून घेतलं. कॅरिअरचे पाय फ्रेमपेक्षा जरा रुंद होते, तर त्या मेकॅनिकनं उजव्या बाजूला पाय आणि फ्रेमच्या मध्ये चार वायसर घातले आणि लांब बोल्ट मारून दिला. दिसायला घट्ट. वर्षभर काही झालं नाही. मग कोकणात बागमांडल्याहून जेट्टीनं वेश्वीला उतरलो, तिथून केळशीकडे निघालो, रस्ता उखडलेला, दोन्ही बाजूंना मिळून बारा-तेरा किलो सामान, आणि एका खड्ड्यानंतर मागून टक असा बारीक आवाज आला. पुढच्या वळणाला मागचं चाक शेपूट हलवल्यासारखं वाटायला लागलं. उतरून बघतो तर उजव्या खालच्या बोल्टचं डोकं गायब, पाय फ्रेमच्या बाजूला लोंबतोय आणि बॅग आऱ्यांपासून बोटभर अंतरावर. उताराला असतो तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

कारण सरळ आहे. बोल्ट फ्रेमला चिकटून असला तर भार सरळ फ्रेमवर उतरतो. मध्ये वायसरची चळत आली की बोल्टचा तेवढा भाग हवेत राहतो आणि दर खड्ड्याला किंचित वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो, तार हातानं वाकवून तोडतो ना आपण, तसंच. फक्त वर्ष लागतं.

तेव्हा सुटका झाली ती पिंजऱ्याच्या बोल्टमुळे. चाक काढलं, तुटलेल्या बोल्टचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा आतल्या बाजूनं बाहेर आलेला होता, एका रिक्षावाल्या काकांनी पक्कड दिली, तिनं धरून तो फिरवत फिरवत आतूनच काढला. पिंजऱ्याचा एक बोल्ट काढून तिथं लावला, वायसर सगळे फेकले आणि कॅरिअरचा पाय हातानं दाबून फ्रेमला टेकवला. त्याच बोल्टवर घरापर्यंत आलो. तेव्हापासून हँडलच्या बॅगेत एम ५ चे चार जादा बोल्ट असतातच.

आता बसवायला घ्या

सामान एवढंच: ४ नंबरची ॲलन की, कारण एम ५ च्या साध्या गोल डोक्याच्या बोल्टला तीच लागते, पसरट घुमटासारखं डोकं असेल तर ३ नंबरची. ८ नंबरचा पाना, कारण एम ५ चा नट ८ चा असतो. थोडं ग्रीस किंवा निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट थरथरीनं सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक, एक जुनं फडकं. कॅरिअरबरोबर आलेले बोल्ट पत्र्यासारखे मऊ वाटले तर हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचे चांगले घ्या, थोड्याच रुपयांचा मामला आहे.

सायकल भिंतीला टेकवा, उलटी करू नका, उलट्या सायकलवर कॅरिअरचा तोल कळत नाही. कॅरिअरच्या पुढच्या पट्ट्या आणि खालचे पाय ढिले ठेवून ते चाकावर धरा. कुणी धरायला असेल तर बरं. आधी खालचे दोन बोल्ट, नुसते बोटांनी, तीन-चार आटे जातील एवढेच. मग वरचे दोन, तेही बोटांनी. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा लावायला गेलात की चौथा भोकापासून अर्धा सेंटिमीटर लांब राहणार, आणि मग तो जोरात तिरका घुसवला जातो आणि आटे जातात. फ्रेमचे आटे गेले की फार मनस्ताप. चारही बोल्ट आत गेल्याशिवाय ॲलन कीला हात लावू नका.

पट्ट्या फ्रेमच्या भोकाशी जुळत नसतील तर त्या वाकवायच्या असतात, त्यासाठीच त्या लवचीक दिलेल्या असतात. पण नीट बघून एकदाच वाकवा. ॲल्युमिनियमची पट्टी तीनचार वेळा पुढं-मागं केली की तिथं तडा पडतो.

डिस्क ब्रेकमुळे मध्ये अंतर ठेवावंच लागलं तर वायसरच्या चळतीऐवजी धातूचा एकच सलग स्पेसर घाला, नळीच्या तुकड्यासारखा, आणि अंतर लागेल तेवढंच. शक्य असेल तर बोल्ट आतून भोकाच्या पलीकडे निघून त्यावर नायलॉनची कड असलेला नट बसेल असं करा, तो थरथरीनं सुटत नाही. मडगार्डची तारही त्याच बोल्टवर असेल तर कॅरिअर आत, फ्रेमला चिकटून, आणि मडगार्डची तार बाहेर. बरेच जण उलटं करतात.

आता उजव्या बाजूला एक तपासणी, ही कुणीच करत नाही. बोल्टचं टोक फ्रेममधून आत किती डोकावतंय बघा. सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर चेन आणून पेडल उलटं फिरवा. चेन त्या टोकाला घासत असेल तर बोल्ट लांब आहे, छोटा घ्या किंवा कानसेनं घासून कमी करा. घरी ऐकू येणारी ही बारीक खरखर चढावर चेन अडकवते.

मग फळी सरळ करायची. अर्धी भरलेली पाण्याची बाटली कॅरिअरवर आडवी ठेवा, आतल्या पाण्यावरून कळतं. थोडं पुढं, सीटकडे झुकलेलं असलं तर चालेल, मागं झुकलेलं नको, सामान सरकत मागं जातं. टायर किंवा मडगार्ड आणि कॅरिअर यात किमान बोटभर फट ठेवा, पावसात चिखल अडकतो.

सगळं जुळलं की आधी वरचे, मग खालचे बोल्ट आवळा. ॲलन कीचा छोटा हात भोकात, लांब हात मुठीत, आणि मनगटाच्या जोरावर घट्ट, त्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. टॉर्क रेंच असेल तर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. लॉकटाइट लावायचं असेल तर याआधी एकेक बोल्ट काढून आट्यांना एक थेंब, निळंच, लाल लावलं तर पुढं बोल्ट निघणं मुश्कील.

झाल्यावर कॅरिअरचं मागचं टोक धरून डावीउजवीकडे जोरात हलवा. सगळी सायकल हलली पाहिजे, एकटं कॅरिअर हललं तर काहीतरी ढिलं आहे. पहिल्या दिवशी पाच किलो पीठ बांधून सोसायटीला दोन चकरा मारा, स्पीडब्रेकरवरूनही न्या. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत एकदा आवळा, पहिल्या वेळी थोडे सैल पडतातच. रिफ्लेक्टर आणि दिवा सामानाखाली झाकला जाणार नाही असा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा, त्या पट्टीवर ५० किंवा ८० मिलिमीटर अंतराची दोन भोकं दिव्यासाठीच असतात.

सामान लादणं

जड सामान खाली आणि पुढं, हलकं वर आणि मागं. फळीवर उंच रचलेले दहा किलो आणि दोन बाजूंना खाली लटकवलेले दहा किलो यात जमीनअस्मानाचा फरक आहे, पहिल्यात सायकल प्रत्येक पेडलला डुलते. दोन बॅगा असतील तर वजन साधारण सारखं वाटा. एकच बॅग असेल तर मी ती डावीकडे लावतो, रस्त्याच्या कडेला, ट्रॅफिकच्या बाजूला नाही. बॅग इतकी मागं घ्या की पेडल मारताना टाच लागणार नाही, चपलेत नाही तर रोजच्या बुटात तपासा.

मंडईतून येताना कांदे-बटाटे दोन्ही बॅगांच्या तळाला, टोमॅटो वर, कोथिंबीर आणि पालक फळीवर पिशवीत. दळणाचा डबा असेल तर त्याच्या खाली एक गोणपाट घाला, पत्रा आणि लोखंड एकमेकांवर सरकतात, गोणपाटानं पकड येते. मग दोरी डब्याच्या कडीतून घेऊन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, नुसती वरून आडवी नाही. परत येताना पीठ गरम असतं, झाकण नीट बसलंय का बघा नाहीतर स्पीडब्रेकरवर पांढरा धूर.

बांधायला सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या ट्यूबचे पट्टे. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात, उभे कापून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या करायच्या, ओढून बांधल्या की सामान कॅरिअरचा भागच होतं. हूकवाल्या इलास्टिक दोऱ्या सोप्या आहेत पण त्यांचा हूक सुटला की सरळ डोळ्याकडे येतो, म्हणून ताणताना चेहरा बाजूला ठेवा. आणि काहीही वापरा, मोकळं टोक खोचून टाका. लोंबणारी दोरी, ओढणी, सॅकचा पट्टा चाकात गेला की चाक जागच्या जागी थांबतं. पावसाळ्यात बॅगेच्या आत आणखी एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, बाहेरचं कव्हर कितीही चांगलं असलं तरी चाकाचं पाणी खालून मारतं.

चालवताना

सायकल बदललेली असते हे पहिल्या शंभर मीटरमध्येच कळतं. थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून ब्रेक लवकर आणि दोन्ही. पाय मागून फिरवून चढायची सवय असेल तर सामानाला लाथ बसते, सायकल आपल्याकडे तिरकी करून चढा. एका पायाचं स्टँड सामानासकट सायकल धरेलच असं नाही, ओल्या मातीत रुततं, भिंत किंवा झाड बघा. खड्ड्यावर सीटवरून किंचित उठा, नाहीतर सगळा दणका आऱ्यांना बसतो. टायरच्या बाजूला हवेचा आकडा लिहिलेला असतो, सामान असताना मागच्या चाकात त्यातल्या वरच्या आकड्याच्या जवळ हवा ठेवा, नाहीतर रिम आणि रस्ता यात ट्यूब चिमटते.

घाट उतरताना हँडल थरथरायला लागलं तर घाबरून हँडल आवळू नका. गुडघ्यांनी फ्रेमची दांडी दोन्हीकडून दाबा आणि वेग हळूहळू कमी करा, थरथर विरते. मग थांबून वजन परत लावा, बहुतेक वेळा जड सामान फार मागं गेलेलं असतं.

रोज सामान नेत असाल तर मागचं चाक आउट झालंय का, म्हणजे वाकडं फिरतंय का, हे महिन्यातून एकदा फिरवून बघा, आरे दोन-दोन करून चिमटीत दाबून बघा, एखादा सैल लागला की सायकलवाल्याकडून लगेच आउट काढून घ्या. एक सैल आरा शेजारच्याला तोडतो. कॅरिअरच्या जोडांवर, विशेषतः पाय जिथं वळतात तिथं, रंगाला बारीक रेघ दिसली तर ती ओरखडा नाही, तडा असू शकतो, नखानं तपासा. आणि पावसाळा संपला की चारही बोल्ट एकदा पूर्ण काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा, लॉकटाइट लावलं असेल तर ग्रीसऐवजी पुन्हा तोच एक थेंब. मी हे काम दसऱ्याला करतो, सायकल धुऊन झेंडूची माळ घालायची असतेच, त्याच्या आधी.